काळोखाचा आकृतिबंध

चित्रपटातील भयाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले आहे, ते बहुतांशी कथेविषयी आहे. भूत खरे होते की भास, शेवटी उलगडा झाला की नाही, झाला असल्यास तो पटण्याजोगा होता का, असे प्रश्न समीक्षक विचारतात. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु ते कादंबरीलाही विचारता येतात. चित्रपटाचे म्हणून जे भय आहे, ते पडद्याच्या चौकटीत कोणती वस्तू कोठे ठेवली, किती जागा मोकळी सोडली, उजेड कोणत्या बाजूने येऊ दिला आणि तो कोठे अडवला, यांवर अवलंबून असते. या भाषेची घडण मुख्यत्वे जर्मनीत १९२० ते १९३२ या बारा वर्षांत झाली. तिचा एक धागा पुढे मुंबईपर्यंत येऊन पोहोचला. त्या धाग्याविषयी हल्ली जे सरसकट बोलले जाते, ते मला फारसे पटत नाही.

आरंभी आपल्या परंपरेची आठवण करणे अस्थानी ठरणार नाही. भरतमुनींनी भयानक रसाचा वर्ण कृष्ण सांगितला आणि देवता काल. त्याच्या विभावांत विकृत आवाज, भूतप्रेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांची चाहूल, अरण्य आणि 'शून्यागार', म्हणजे ओस पडलेले घर, यांची गणना केली. यांतील शून्यागार हा विभाव मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. परंतु भरताच्या रंगभूमीवर ते ओस घर प्रत्यक्ष दिसत नसे. नटाच्या कापऱ्या हातांतून, फिरलेल्या डोळ्यांतून आणि कोरड्या पडलेल्या कंठातून प्रेक्षकाने ते ओळखावयाचे असे. भयाचा सारा भार अनुभावांवर होता. चित्रपटाने हा क्रम उलटा केला. त्याने घर दाखविले आणि भ्यावयास कोणी ठेवलेच नाही. मग भ्यावयाचे काम साहजिकच प्रेक्षकाकडे आले.

भाषांतरकाराच्या नात्याने येथे एका शब्दापाशी थांबणे मला भाग आहे. फ्रॉइडने १९१९ साली ज्या शब्दावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो जर्मन शब्द 'उनहाइमलिश' घर या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. जे घरचे होते, तेच परके आणि भीतिदायक होऊन बसले, असा त्याचा रोख आहे. 'विचित्र', 'अतर्क्य', 'अद्भुत' यांपैकी एकही मराठी शब्द त्याला पुरा पडत नाही. पण आपल्या बोलण्यात 'घर खायला उठते' हा प्रयोग आहे आणि तो अर्थाच्या फार जवळ जातो. या प्रयोगात घर हाच कर्ता आहे. पुढे ज्या चित्रांचा विचार करावयाचा आहे, त्यांतही पुष्कळदा कर्ता माणूस नसून जागा असते.

रॉबर्ट वीने यांचा 'डॉक्टर कालिगारी' फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला प्रथम दाखविण्यात आला. पटकथा हान्स यानोविट्झ व कार्ल मायर यांची. नेपथ्य हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग यांचे. जत्रेतील खेळवाला डॉक्टर एका निद्राचराला आपल्या इच्छेप्रमाणे वागवितो आणि त्याच्याकरवी खून घडवितो, ही कथा. या चित्रपटात उजेड-सावल्यांचा मोठा भाग दिव्यांनी पाडलेला नाही. तो पडद्यांवर, भिंतींवर आणि जमिनीवर रंगाने काढलेला आहे. खिडक्या कोन मोडल्यासारख्या तिरप्या, घरे एकमेकांवर रेललेली, सरकारी कारकुनाचे स्टूल माणसाने मान वर करून पाहावे इतके उंच. छायालेखक विली हामाइस्टर यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा आहे. याचा परिणाम असा की उजेड हा काळाबरोबर सरकणारा पदार्थ राहत नाही. सूर्य मावळला म्हणून येथील सावली लांबणार नाही आणि दिवा आणला म्हणून नाहीशी होणार नाही. ती कायमची आहे. या नगरातील लोक जणू एखाद्या आज्ञेत राहतात.

तरीही त्यातील सर्वांत भीतिदायक क्षण रंगवलेल्या सावलीचा नव्हे, खऱ्या सावलीचा आहे. आलानचा खून होतो तेव्हा खुनी आपल्याला दिसत नाही. भिंतीवर फक्त झटापटीच्या सावल्या दिसतात. शंभर वर्षांत या युक्तीची इतकी नक्कल झाली की ती आता हास्यास्पद वाटण्याची पाळी आली आहे. पण तिच्या मुळाशी असलेली जाण खरी आहे. शरीराला बाजू असतात, वजन असते, त्याच्याशी झुंजता येते. सावलीशी झुंजता येत नाही.

मुर्नाउ यांचा 'नोस्फेरातू' (१९२२) कालिगारीच्याच वळणाचा म्हणून त्याच्या शेजारी बसविण्याची रूढी आहे. वास्तविक रचनेच्या दृष्टीने तो जवळजवळ उलट टोकाला आहे. मुर्नाउ कापडी नगर सोडून बाहेर पडले. विस्मार आणि ल्यूबेक ही उत्तर जर्मनीतील बंदराची गावे आणि स्लोव्हाकियातील ओरावा येथील किल्ला येथे त्यांनी चित्रण केले. छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर होते, वेशभूषा आणि नेपथ्य आल्बिन ग्राउ यांचे. येथे भिंती सरळ आहेत, झाडे झाडांसारखी आहेत, समुद्र खरा आहे. मग भय कोठून येते? ते चौकटीत चौकट बसविण्यातून येते. काउंट ओर्लोक प्रथम पाहुण्याच्या खोलीकडे येतो तेव्हा दार आपोआप उघडते आणि कमानीच्या आत तो असा उभा राहतो, की ती कमान त्याच्या मापाने कापलेली शवपेटीच वाटावी. माक्स श्रेक यांचे उंच, अरुंद शरीर त्या आकाराला तंतोतंत भरून टाकते. जहाजावरील चित्रणात कॅमेरा तळघरातून वर पाहतो. डोक्यावर दोर, डोलकाठ्या आणि आकाश, आणि त्या जाळ्यामध्ये तो. येथे काळोख नाहीच. भर उजेडाचे चित्र आहे. जहाजावर दुसरे कोणी उरलेले नाही, हे मोकळ्या आकाशामुळेच अधिक कळते.

शेवटच्या भागात जिन्याच्या भिंतीवरून सावली चढत जाते, तिची बोटे लांबतात, ती दाराशी पोहोचते. पुढे त्या हाताची सावली एलेनच्या छातीवर सरकते आणि मूठ आवळते, एलेन कळवळते. सावलीने शरीराला वेदना दिली असा हा प्रसंग आहे. मूकपटाच्या काळात एवढी धीट प्रतिमा मला दुसरी आठवत नाही.

एक तांत्रिक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण तिने समीक्षेची बरीच दिशाभूल केली. मुर्नाउ यांनी रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित केले होते. प्रदर्शनाच्या प्रतींना रासायनिक रंग देऊन रात्र निळी आणि दिव्याचा उजेड पिवळसर करावयाची त्या काळची पद्धत होती. ब्रॅम स्टोकर यांच्या विधवेने परवानगीवाचून 'ड्रॅक्युला'चे रूपांतर केले म्हणून दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. ज्या प्रती वाचल्या, त्यांतील पुष्कळशा पुढे साध्या कृष्णधवल रूपात फिरत राहिल्या. त्यामुळे दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांनी सूर्यप्रकाशाने मरणारा पिशाच्च भर दुपारी आपली शवपेटी घेऊन गावातून चाललेला पाहिला. कोणी त्याला हसले, तर कोणी त्यात गूढ काव्य शोधले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रंगीत छटांसह प्रतींचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा तो प्रसंग पुन्हा रात्रीचा झाला. पाठचिकित्सेवाचून काव्याची समीक्षा करू नये हे आपण ज्ञानेश्वरीच्या बाबतीत फार पूर्वी शिकलो. चित्रपटाच्या बाबतीत अजून शिकावयाचे आहे.

आता या सावल्यांच्या इतिहासार्थाचा प्रश्न. झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की कालिगारीपासूनच्या जर्मन चित्रपटांत हुकूमशहाला शरण जाणारे मन आधीच प्रकट झाले होते. मूळ कथा सत्तेविरुद्ध बंडाची होती. निवेदक हाच वेडा असल्याचे दाखविणारी चौकटकथा तिच्याभोवती बसवून निर्मात्यांनी तिची धार मोडली, असा त्यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्यांनी यानोविट्झ यांच्या आठवणींवर भिस्त ठेवली. पुढे पटकथेची जी प्रत उजेडात आली, तीत मुळातच एक चौकटकथा होती. मात्र ती निराळ्या स्वरूपाची होती, आणि निवेदक तीत वेडा नव्हता. म्हणजे क्राकाउअर यांचा पुरावा अर्धा ढासळला. पण माझी अडचण पुराव्याहून वेगळी आहे. चौकटकथेने सारे वेड्याच्या माथी मारले असे म्हणावे, तर चौकटकथेतही नेपथ्य सरळ झालेले नाही. वेड्यांच्या इस्पितळाचे आवार, त्याच्या जमिनीवरील त्या रंगवलेल्या किरणरेषा, कथेत जशा होत्या तशाच शेवटीही आहेत. कथा म्हणते की डॉक्टर सज्जन आहे. भिंती तसे म्हणत नाहीत. जो समीक्षक केवळ कथा वाचतो, त्याला ही साक्ष ऐकूच येत नाही. लोटे आइस्नर यांनी १९५२ मध्ये या काळावर लिहिले ते छायाप्रकाशाच्या अंगाने, राइनहार्ट यांच्या रंगभूमीपासून आणि जर्मन चित्रकलेपासून सुरुवात करून. त्या ग्रंथातही अतिव्याप्ती आहे. राष्ट्राच्या आत्म्यात अंधाराची ओढ असते असली विधाने मला पटत नाहीत. परंतु आइस्नर यांनी चित्रे पाहिली होती, एवढे निश्चित.

असे असले तरी सावल्या निष्पाप होत्या असे म्हणून सुटका होत नाही. ओर्लोकचे नाक, वाकडी बोटे, उंदरांचे सोबती आणि रोगराई घेऊन परदेशातून गावात येणे, यांत त्या काळच्या ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांची छटा अनेक अभ्यासकांना दिसली आहे. पटकथाकार हेनरिक गालेन आणि नॉकची भूमिका करणारे आलेक्झांडर ग्रानाख हे दोघेही ज्यू होते, तेव्हा हेतूचा आरोप सोपा नाही. पण प्रतिमा हेतूची वाट पाहत नाहीत. १९४० मध्ये फ्रिट्झ हिप्लर यांच्या प्रचारपटाने ज्यू लोकांच्या स्थलांतराशेजारी उंदरांचे थवे दाखविले. आता तो भयानक रस नव्हता. ती हत्येची पूर्वतयारी होती. कालिगारीतील दोन नटांचे नशीब याच जागी दुभंगले. डॉक्टरची भूमिका केलेले वेर्नर क्राउस यांनी १९४० च्या नाझी 'यूट झ्यूस'मध्ये एकाहून अधिक ज्यू व्यक्तिरेखा द्वेषाच्या रंगात रंगविल्या. निद्राचर झालेले कोनराड फाइट यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली, १९३४ च्या इंग्रजी चित्रपटात त्याच झ्यूसची सहानुभूतीची भूमिका केली आणि १९४३ मध्ये अमेरिकेत त्यांचा अंत झाला. आज्ञेप्रमाणे वागणाऱ्याचे सोंग ज्याने केले, तो आज्ञा मोडून निघून गेला.

फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' (१९३१) या बोलपटाचे छायालेखकही वाग्नरच होते. लहान मुलींचा खून करणारा माणूस प्रथम दिसतो तो बक्षिसाच्या जाहिरातीवर पडलेल्या सावलीच्या रूपाने; इथवर जुनी युक्ती. त्यानंतर आई मुलीला हाका मारते आणि पडद्यावर एकामागून एक येतात ते जिन्याचा रिता चौक, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा, जेवणाच्या मेजावरील न वापरलेले ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, आणि तारांत अडकलेला फुगा. यांत काळोख नाही, तिरपा कोन नाही, सावलीही नाही. भरताचे शून्यागार येथे पूर्णत्वाने अवतरले आहे.

ड्रायर यांच्या 'वाम्पिर' (१९३२) या चित्रपटाने तर कृष्णवर्णाचा नियमच मोडला. कालिगारीचे एक नेपथ्यकार हेरमान वार्म याही चित्रपटाला होते. पण येथे रंगवलेला पडदा नव्हता, फ्रान्समधील खरी घरे होती. आरंभीच्या चित्रणात भिंगावर चुकून उजेड पडल्याने चित्र करडे, धुरकट झाले. ड्रायर आणि छायालेखक रुडॉल्फ माते यांना ते आवडले, आणि मग भिंगासमोर जाळीदार कापड धरून तोच परिणाम मुद्दाम साधण्यात आला. सबंध चित्रपट त्यामुळे आपल्या तिन्हीसांजेसारखा झाला आहे; दिवस नव्हे, रात्र नव्हे, आणि वस्तूंच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या. सावल्या येथे मालकांना सोडून हिंडतात. दुष्ट वैद्य शेवटी गिरणीत पिठाखाली गुदमरून मरतो. पांढरा रंग चौकट हळूहळू भरत जातो. भरताच्या कोष्टकात श्वेत वर्ण हास्याचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दृश्याचे क्रौर्य अधिक जाणवते.

त्याच चित्रपटात नायक स्वतःलाच शवपेटीत पाहतो, आणि मग कॅमेरा पेटीच्या आत जातो. झाकणाच्या काचेतून वर पाहणाऱ्या प्रेताला जे दिसेल ते आपल्याला दिसते: मेणबत्ती घेऊन वाकलेली म्हातारी, छत, मग झाडांचे शेंडे आणि आकाश. अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे विवेचन करताना शाकुंतलातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय त्या हरिणाचे राहत नाही, माझेही होत नाही. देशकालाच्या बंधनांतून सुटून ते आस्वाद्य होते, असा त्यांचा सिद्धांत. वाम्पिरमधील या चित्रणाने त्या सिद्धांताला ताण दिला आहे, असे मला वाटते. कॅमेऱ्याने आपल्याला हरिणाशेजारी उभे केलेले नाही, हरिणाच्या कातड्यात घातले आहे. साधारणीकरण येथे होते की नाही, हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्रज्ञांनी हाताळण्यासारखा आहे. मला वाटते, होते. पण ते पेटी उचलून चालू लागल्यानंतर, जेव्हा आकाश सरकू लागते आणि भयाची जागा एक अनोळखी शांतता घेते तेव्हा.

आता मुंबई-पुण्याकडे वळू. योझेफ विर्शिंग हे जर्मन छायालेखक १९२५ च्या 'प्रेम संन्यास'साठी फ्रान्झ ओस्टेन या दिग्दर्शकाबरोबर प्रथम भारतात आले आणि १९३४ मध्ये हिमांशू राय व देविकाराणी यांनी मालाड येथे बाँबे टॉकीज स्थापन केल्यावर तेथे राहिले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने तेथील जर्मनांना अटक केली. ओस्टेन हे नाझी पक्षाचे सभासद होते. ते पुढे जर्मनीस परतले. विर्शिंग युद्धकाळात नजरकैदेत राहिले, आणि सुटल्यावर भारतातच राहून त्यांनी कमाल अमरोही यांच्या 'महल'चे (१९४९) चित्रण केले. यावरून 'महल' हा जर्मन अभिव्यक्तिवादाचा भारतीय वारस, असे एक वाक्य रूढ झाले आहे. वाक्य सुटसुटीत आहे, परंतु विर्शिंग हे म्यूनिखच्या 'एमेल्का' स्टुडिओचे. कालिगारी व नोस्फेरातू यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. 'अछूत कन्या'सारख्या (१९३६) चित्रपटांतील त्यांचा उजेड मऊ आणि प्रसन्न आहे. माणूस जर्मन म्हणून त्याची सावली अभिव्यक्तिवादी, हे अनुमान न्यायशास्त्रात टिकणार नाही.

काळोखाची रचना आपल्याकडे विर्शिंग यांची वाट पाहत बसलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. प्रभातचा 'अमृतमंथन' हा १९३४ चा. पुण्यास स्थलांतर केल्यावरचा त्या कंपनीचा पहिला चित्रपट. व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने १९३३ मध्ये जर्मनीस जाऊन आले होते. नरबलीस बंदी करणाऱ्या राजाचा वध घडविणारा राजगुरू हिंदीत चंद्रमोहन यांनी आणि मराठीत केशवराव दाते यांनी उभा केला. केशवराव धायबर यांच्या कॅमेऱ्याने दूरवेधी भिंगातून टिपलेला त्याचा एकच डोळा पडदा व्यापून टाकतो. हे भय भुताचे नव्हे, धर्माच्या नावाने हुकूम सोडणाऱ्या सत्तेचे आहे. जर्मनीशी नाते जोडावयाचेच असेल, तर मला ते कालिगारीच्या आशयाशी अधिक जवळचे वाटते.

'महल'मधील भय निराळ्या जातीचे आहे. हरिशंकर नव्याने घेतलेल्या जुन्या वाड्यात येतो. माळी त्याला तेथे वाट पाहत राहिलेल्या कामिनीची गोष्ट सांगतो. भिंतीवरचे चित्र पाहावे तर चेहरा त्याचा स्वतःचाच. मराठीत 'भूत' या शब्दाला गेलेला काळ आणि पिशाच्च हे दोन्ही अर्थ आहेत. या चित्रपटाच्या कथेचे बीज त्या श्लेषात सामावते. विर्शिंग यांनी येथे कालिगारीसारख्या भिंती वाकविल्या नाहीत की वाम्पिरसारखे धुके पसरले नाही. दालने प्रशस्त ठेवली, खांब आणि झुंबर यांच्या मधला अवकाश तसाच अंधारात सोडला, आणि अशोककुमार यांना त्या अवकाशात लहान केले. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी नाही. उलट मधुबाला झोपाळ्यावर दिसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड भयाचा नाही, तो सौंदर्याचा उजेड आहे. जर्मन मूकपटात पिशाच्चाला असा उजेड कधी मिळाला नाही. ज्याची भीती वाटावी, त्याच्याच मागे जावेसे वाटावे, ही या चित्रपटाची मागणी होती. ती छायाप्रकाशाच्या या विभागणीने पुरी केली आहे.

शिवाय येथे ध्वनी होता. खेमचंद प्रकाश यांच्या चालीतील ते गाणे आधी ऐकू येते, गाणारी नंतर दिसते. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून आपण ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहून गात गात जवळ गेलो, असे लता मंगेशकर यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे जे मुर्नाउ यांनी जिन्यावरील सावलीकडून करवून घेतले, ते येथे सुरांच्या अंतराकडून करवून घेतले गेले. त्या वेळच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते, लोकांनी चौकशी केल्यावर खरे नाव कळले. खेमचंद प्रकाश चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच वारले होते.

उलगडा न्यायालयात होतो: कामिनी ही माळ्याची मुलगी आशा. कथेच्या हिशेबाने भूत संपले, आणि यावर समीक्षकांनी पुष्कळ नाराजी व्यक्त केली. मला त्यांचा राग समजतो, पण तो पटत नाही. न्यायालयाच्या सपाट उजेडात साक्षीपुरावे चालू असताना प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ती दालने तशीच उभी असतात, कारण त्या अवकाशाला कोणी स्पष्टीकरण दिलेले नाही; देताही आले नसते. कालिगारीच्या इस्पितळातील त्या रंगवलेल्या रेषांशी 'महल'चे खरे नाते असेल, तर ते येथे आहे.

विर्शिंग १९६७ मध्ये मुंबईत वारले. कमाल अमरोही यांचा 'पाकीजा' तेव्हा अपुरा होता; उरलेले काम इतरांनी पुरे केले आणि १९७२ मध्ये तो पडद्यावर आला. त्याच्या श्रेयनामावलीत छायालेखक म्हणून विर्शिंग यांचेच नाव आहे.